उंबऱ्याची उंची आणि गुडघ्याचे बळ

शाळेत आपण ‘वाढ आणि विकास’ शिकवतो. अर्भकाने मान धरण्यापासून सुरुवात होते. मग पालथे पडणे, रांगणे, उभे राहणे, चालणे असे टप्पे येतात. किशोरावस्थेतील बदलांपर्यंत धडा येतो आणि बहुधा तेथेच संपतो. साठीनंतरच्या शरीराविषयी विद्यार्थ्याला जे कळते ते घरातल्या बोलण्यातून. “वय झालं, आता असं व्हायचंच!” या वाक्यात निरीक्षण आहे, पण स्पष्टीकरण नाही. शिवाय त्यात एक गृहीतही दडलेले आहे. म्हातारपणी माणसाला जे जमत नाही, त्याचे सारे कारण त्याच्या शरीरातच असते, हे ते गृहीत.

ते कितपत खरे आहे, हे या लेखात तपासू. त्यासाठी स्वतःच्या घरात एकट्याने, किंवा नवरा-बायको दोघांनीच राहणाऱ्या वृद्धांचे उदाहरण घेऊ. भरल्या घरात कोणीतरी बादली उचलून देते, कोणी दिवा लावते, कोणी औषधाची आठवण करते. माणसाला काय झेपत नाही हे त्यामुळे झाकले जाते. एकट्याच्या घरात ते उघडे पडते.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लाख होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले, की साठीपुढच्यांपैकी सुमारे ६ टक्के अगदी एकटे राहतात आणि सुमारे २० टक्के फक्त जोडीदाराबरोबर. म्हणजे साधारण चारांतील एक.

स्वावलंबन मोजायचे कसे?

‘आजी अजून स्वतःचे स्वतः करतात’ असे आपण म्हणतो. हे मोजता येईल का? अमेरिकेतील सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये त्यासाठी एक सोपी पट्टी प्रसिद्ध केली. तीत सहा कामे होती : आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. खुब्याचे हाड मोडलेल्या व अन्य आजारी वृद्धांचे निरीक्षण करताना त्यांना एक क्रम आढळला. आंघोळीसारखे गुंतागुंतीचे काम आधी सुटते, स्वतःच्या हाताने जेवणे सर्वांत शेवटी. माणूस बरा होऊ लागला की क्रम उलटा होतो. लहान मूल ही कामे ज्या क्रमाने शिकते, त्याच्याशी हा क्रम बराच जुळतो, याकडे कॅट्झ यांनी लक्ष वेधले.

१९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रोडी यांनी या पट्टीला दुसरी जोड दिली. घर एकट्याने चालवायला लागणारी आठ कामे तीत आहेत : टेलिफोन, खरेदी, स्वयंपाक, घराची झाडलोट, कपडे धुणे, प्रवास, औषधे घेणे आणि पैशाचे व्यवहार.

पुढे १९७३ मध्ये लॉटन आणि ल्युसिल नाहेमोव यांनी जो विचार मांडला, तो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. माणसाला एखादे काम जमते की नाही हे दोन गोष्टींवर ठरते : त्याची क्षमता, आणि परिसर त्याच्याकडे करीत असलेली मागणी. समजा, एका बाईंना २० सेंटिमीटर उंचीची पायरी चढता येते, ३० सेंटिमीटरची येत नाही. मग त्या स्वावलंबी आहेत की नाहीत? पायरी पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. गुडघे तेच, एका घरात त्या स्वावलंबी, तर दुसऱ्या घरात परावलंबी.

या विचाराला दुसरीही बाजू आहे. मागणी फार वाढली तर माणूस कोलमडतो, पण ती फार कमी झाली तरी त्याची क्षमता उतरू लागते. ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ असे दिवसभर म्हणणारे घर प्रेमळ असले, तरी स्नायूंच्या दृष्टीने ते घातकच.

खुर्चीतून उठण्याचे पदार्थविज्ञान

हे वर्गात करून पाहण्याजोगे आहे. विद्यार्थ्याला खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसवा. पावले गुडघ्यांच्या पुढे, हातांची घडी. आता पाठ न वाकवता आणि पावले न हलवता उठायला सांगा. धडधाकट मुलालाही उठता येणार नाही. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या मागे राहतो, हे त्याचे कारण. पावले मागे घेऊन पुढे झुकले की गुरुत्वमध्य पावलांवर येतो आणि उठता येते.

आता त्याच विद्यार्थ्याला पाटावर बसवून तसेच उठायला सांगा. फरक त्याला मांड्यांत जाणवेल. आसन खाली गेले की शरीर जास्त उंच उचलावे लागते, आणि तेही गुडघा पूर्ण दुमडलेल्या स्थितीतून, जिथे मांडीच्या स्नायूंना पुरते बळ लावता येत नाही. रुतणारा सोफा, बैठा संडास, आंघोळीचा बुटका पाट या तिन्ही ठिकाणी वृद्ध माणूस अडतो त्याचे कारण हेच.

थोडा हिशोब करू. ५० किलोग्रॅमचा भार ४० सेंटिमीटर उचलायला सुमारे ५० × १० × ०.४ = २०० ज्यूल कार्य करावे लागते. ते एका सेकंदात केले तर शक्ती २०० वॅट, दोन सेकंदांत केले तर १०० वॅट. कार्य तेवढेच, पण शक्ती निम्मी. म्हणून वृद्ध माणसे सावकाश उठतात. त्यांच्या स्नायूंनी काढलेली ती वाट असते.

स्नायूंमध्ये मंद आणि जलद असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू दीर्घकाळ काम करतात, तर जलद तंतू अल्पकाळात जास्त बळ देतात. वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान घटते, त्यात जलद तंतू अधिक झिजतात. सावकाश उठता येते, सावकाश जिनाही चढता येतो. पण पाय अडखळला तर? तोल सावरायला दुसरे पाऊल सेकंदाच्या एखाद्या अंशात पुढे टाकावे लागते. तेथे सावकाशीला वाव नसतो.

ही झीज अटळ आहे, पण ती किती होते हे बरेचसे वापरावर अवलंबून असते. १९९० मध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधील एका वृद्धसेवा संस्थेतील दहा अशक्त व्यक्तींकडून मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांचे सरासरी वय ९० होते. आठ आठवडे पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे स्नायुबळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट झाले. नव्वदीतला स्नायूसुद्धा शिकवले तर शिकतो!

तोल सांभाळणाऱ्या तीन वाटा

आपण उभे असतो तेव्हा स्थिर नसतो. शरीर सतत किंचित झुलत असते आणि मेंदू ते सतत सावरत असतो. त्यासाठी त्याला तीन वाटांनी माहिती मिळते. डोळे सांगतात की भिंत, दार कोणत्या बाजूला झुकले. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याजवळची इंद्रिये सांगतात की डोके कसे फिरले, कसे कलले. तळपायाची त्वचा, स्नायू आणि सांधे सांगतात की भार कोठे पडला आहे.

विद्यार्थ्यांना भिंतीजवळ एका पायावर उभे करा आणि वेळ मोजा. मग डोळे मिटून तसेच करायला सांगा. जवळ दुसरा विद्यार्थी आधाराला असू द्या. तीनपैकी एकच वाट बंद केली, तरी वेळ किती घटतो हे मुलांना दिसेल.

वृद्धापकाळी या तिन्ही वाटा अरुंद होतात. बाहुली लहान राहते, नेत्रभिंग पिवळट आणि धूसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. अंतर्कर्णातील संवेदी पेशींची संख्या कमी होते. मधुमेह जुना असेल तर तळपायाला जमीन नीट कळत नाही.

आता यात रक्तदाबाची भर घाला. आडवे असताना सर्वत्र सारखे पसरलेले रक्त उभे राहताच पायांत आणि पोटात उतरते. हे साधारण अर्धा लिटर किंवा अधिक असते. हृदयाची गती वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून शरीर काही क्षणांत ते सावरते. वृद्धांमध्ये ही प्रतिक्रिया मंदावते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांमुळे ती आणखी मंदावू शकते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उतरला, तर डॉक्टर तो दोष मानतात.

रात्री दोन वाजता लघवीसाठी उठणाऱ्या माणसाचा विचार करा. अंधारामुळे डोळे निकामी, तळपाय बधिर, उठताच रक्तदाब उतरलेला. वाटेत घडी पडलेले पायपुसणे, पुढे मोरीचा उंबरा, त्यापलीकडे ओली गुळगुळीत फरशी. हा माणूस ‘वयामुळे’ पडला असे म्हणणे अर्धवट ठरेल. वय बदलता येत नाही. पण पायपुसणे उचलता येते, रात्रभर मंद दिवा ठेवता येतो, उंबऱ्याच्या कडेला पिवळा पट्टा ओढता येतो आणि भिंतीत धरायला दांडा बसवता येतो. उठल्यावर एक-दोन मिनिटे अंथरुणाच्या कडेला बसून मगच उभे राहायचे, ही सवय तर फुकट लागते.

यांतल्या दोन उपायांचा परिणाम मोजला गेला आहे. जगभरातील चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष असे, की आपापल्या घरी राहणाऱ्या वृद्धांनी तोलाचे आणि पायांच्या बळाचे व्यायाम केल्यास पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते (२०१९), आणि घरातील धोके दूर केल्यास सुमारे २६ टक्क्यांनी (२०२३). जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते-अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो.

पडण्यानंतरचा वेळ

एकट्या राहणाऱ्याच्या बाबतीत पडण्यापेक्षाही पडल्यानंतरचा वेळ महत्त्वाचा असतो. हाड मोडले नसले तरी जमिनीवरून उठण्याचे बळ नसू शकते. तासन् तास फरशीवर पडून राहिल्यास अंग गार पडते, पाणी कमी होते, एकाच जागी दाब पडून त्वचेला जखमा होतात, दबलेले स्नायू फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांना इजा करतात आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

आणि आपल्याकडे न्हाणीघराला आतून कडी असते. एकटे असतानाही सवयीने ती लावली जाते. पुष्कळ ठिकाणी दार आतल्या बाजूला उघडते, म्हणजे पडलेल्या माणसाचे शरीरच ते अडवते. बाहेरून उघडता येईल असा खटका, बाहेर उघडणारे दार, किंवा नुसती कडी न लावण्याची सवय यांनी हा वेळ तासांवरून मिनिटांवर येऊ शकतो. घराची एक किल्ली शेजारी असणे हाही वैद्यकीय उपायच समजावा.

पडण्याची भीती हा आणखी एक परिणाम. एकदा पडलेला माणूस बाहेर जाणे कमी करतो. कमी चालल्याने स्नायू आणखी झिजतात, तोल आणखी बिघडतो आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. हे दुष्टचक्र घराबाहेर, सोबतीनेच तुटते.

उष्णतेची लाट आणि गजबजलेला रस्ता

परिसर म्हणजे केवळ घराच्या भिंती नव्हेत. गल्ली, दुकान, शेजार हाही परिसरच. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहराचे आहे. जुलै १९९५ मध्ये तेथे उष्णतेची तीव्र लाट आली. १३ जुलैला तापमान ४१ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा सुमारे ७३९ मृत्यू अधिक झाले. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे होते.

वृद्धांनाच उष्णता का बाधते? त्यांना घाम कमी येतो, त्वचेकडे वाढवायचा रक्तप्रवाह अपुरा पडतो, आणि शरीरातले पाणी घटले तरी तहान तितकीशी लागत नाही. त्यातच रात्री उठावे लागू नये म्हणून अनेक जण संध्याकाळनंतर पाणी पितच नाहीत. क्षमतेची बाजू ही अशी आहे.

पण मृत्यू शहरात सगळीकडे सारखे झाले नाहीत. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली : नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. गरीब वृद्धांचे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे होते, हवामान तर एकच. तरीही मृत्युदर पहिल्या वस्तीत दुसरीच्या सुमारे दहापट होता. क्लिनेनबर्ग यांनी दिलेले कारण असे. पहिल्या वस्तीतील कारखाने आणि दुकाने बंद पडून रस्ते ओस झाले होते. वृद्ध माणसे भीतीने दारे-खिडक्या लावून आत बसत. दुसऱ्या वस्तीत दुकाने चालू, पदपथ गजबजलेले होते. वृद्ध माणसे घराबाहेर पडत, दुकानांत टेकत, लोकांच्या नजरेत राहत. त्याच लाटेचा स्वतंत्रपणे अभ्यास करणाऱ्या वैद्यकीय संशोधकांनाही दिसले, की एकटे राहणाऱ्यांना आणि रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना धोका अधिक होता.

आपल्याकडे नागपूर, चंद्रपूर भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेथे वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीला कोणी ना कोणी ‘पाणी प्यायलीस का?’ असे विचारतो. बंद दाराच्या सदनिकेतील तिच्याच वयाच्या बाईंना ते विचारणारे कोणी असेलच असे नाही. वाडे परत येणार नाहीत. पण ओसरीने जे काम केले, ते दुसऱ्या कशाकडून करून घ्यायचे, हा प्रश्न सुटत नाही. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला कट्टा, देवळाचा पार, कोपऱ्यावरचा वाणी ही सगळी त्या प्रश्नाची थोडीथोडी उत्तरे आहेत.

मागणी वाढते तेव्हा

कधीकधी शरीरात काहीच बदलत नाही आणि तरी माणूस परावलंबी होतो. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारे देता येऊ लागला. सोय मोठी होती. पण वयाबरोबर त्वचा कोरडी होते, तिची लवचीकता कमी होते आणि बोटांवरचे उंचवटे सपाट होत जातात. आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा शेतात राबलेल्या हातांवर ते आधीच झिजलेले असतात. यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. माणूस समोर जिवंत उभा आणि यंत्राला त्याची ओळख पटत नाही! पुढे बुबुळावरून आणि २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवण्याची सोय झाली. म्हणजे म्हातारे बोट बदलले नाही, मागणी बदलली.

मुलाच्या किंवा मुलीच्या शहरात राहायला जाण्याचेही असेच आहे. चाळीस वर्षे एका घरात राहिलेल्या हाताला अंधारात दिव्याचे बटण सापडते, पायाला उंबरा ठाऊक असतो, वाण्याला यादी पाठ असते. सातव्या मजल्यावरच्या नव्या घरात हे सारे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते. कधी हे स्थलांतर टाळता येत नाही. पण ते ‘सुरक्षिततेसाठी’ करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय टाकले जात आहे, हे पाहायला हवे. आणि तो निर्णय त्या माणसाला वगळून घेऊ नये.

शाळेला काय करता येईल?

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हा एक चांगला प्रकल्प होऊ शकतो. प्रत्येकाने ओळखीच्या एका वृद्ध व्यक्तीच्या घरी, परवानगी घेऊन आणि मोठ्या माणसाबरोबर जावे. सुरुवात मोजपट्टीने न करता प्रश्नाने करावी : “आजी, या घरात तुम्हाला सगळ्यांत अवघड काय जातं?” घरातले वस्तू-सामान आपण होऊन हलवू नये. मग पुढील नोंदी घ्याव्यात.

१. उंबरे आणि पायऱ्या किती सेंटिमीटर उंच आहेत? सर्व पायऱ्या सारख्या आहेत का? कठडा आहे का?

२. नेहमीच्या खुर्चीचे आसन जमिनीपासून किती उंच आहे? हात टेकून उठता येते का?

३. अंथरुणापासून संडासापर्यंत किती पावले आहेत? वाटेत काय आडवे येते? दिव्याचे बटण कोठे आहे?

४. न्हाणीघराची फरशी कशी आहे? कडी बाहेरून उघडते का?

५. औषधांच्या पाकिटावरील अक्षरे त्यांना वाचता येतात का?

६. फोन पडल्या जागेवरून हाती येईल असा असतो का? शेजाऱ्यांचा क्रमांक आणि ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४५६७ मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे का?

वर्गात परतल्यावर सर्व नोंदींचे आलेख काढता येतील. एकही पैसा न खर्चता बदलता येण्याजोग्या गोष्टी कोणत्या आणि सुताराला किंवा गवंड्याला बोलवावे लागेल अशा कोणत्या, याच्या याद्या करता येतील. ही यादी घरमालकाला मागून आणि नम्रपणे द्यावी. मानायची की नाही हा अधिकार त्यांचा. आपल्या घरात थोडा धोका पत्करून राहणे हाही स्वावलंबनाचाच भाग आहे.

नोंदवहीत एक रकाना मात्र मोजपट्टीने भरता येणार नाही. तेथे हा प्रश्न लिहावा : “उद्या सकाळी तुम्ही दिसला नाहीत, तर ते प्रथम कोणाच्या लक्षात येईल, आणि किती वेळाने?” ज्या घरात या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, तेथे दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाता-येता एक हाक मारणे हे काम विद्यार्थ्याने स्वतःकडे घ्यावे. सुट्टीत ते काम कोण करणार, हेही त्याच वेळी ठरवून ठेवावे.